सोबतीची धाव

प्रस्तावना

पहाटे फटफटले की उद्यानात, नदीकाठच्या रस्त्यावर किंवा शाळेच्या मैदानावर धावणारी माणसे दिसू लागतात. त्यांतील काही एकटी असतात, तर काही आठ-दहा जणांच्या गटाने धावत असतात. गटात तरुण असतात तसे वयस्करही असतात. कोणी पुढे गेलेला असतो, कोणी मागे रेंगाळलेला असतो; पण वळणावर पोहोचल्यावर पुढचा थांबतो आणि मागचा येईपर्यंत वाट पाहतो. धावणे हे प्रत्येकाने आपापल्या पायांनीच करायचे काम आहे. दुसऱ्याच्या वतीने कोणी धावू शकत नाही. असे असताना धावणाऱ्यांना मंडळाची गरज का भासते? मंडळामुळे माणसात काय बदल होतो? आणि माणसांमुळे मंडळ कसे घडते? प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे. त्यासाठी लंडन शहरातील दोन उदाहरणे घेतली आहेत. एक उदाहरण उतारवयात धावू लागलेल्या एका भारतीय शेतकऱ्याचे आहे, तर दुसरे तेरा जणांनी एका शनिवारी सुरू केलेल्या उपक्रमाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला
• धावणाऱ्यांच्या मंडळांची परंपरा थोडक्यात सांगता येईल;
• सोबतीमुळे माणसाची चिकाटी का वाढते, याची कारणे स्पष्ट करता येतील;
• व्यक्तीचा विकास आणि समूहाचा विकास यांतील नाते उदाहरणांसह मांडता येईल;
• पाठातील वाक्प्रचार व जोडशब्द यांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

१. एकट्याचा व्यायाम, मंडळाची परंपरा

कबड्डीला सात गडी लागतात, क्रिकेटला अकरा लागतात. धावणाऱ्याला मात्र दुसरे कोणीच लागत नाही. तरीही धावणाऱ्यांनी एकत्र येण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. लंडनमधील एका नौकानयन मंडळाच्या सभासदांनी हिवाळ्यात शरीर तंदुरुस्त राहावे म्हणून १८६८ मध्ये ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हे मंडळ स्थापन केले. ‘हेअर’ म्हणजे ससा आणि ‘हाउंड्स’ म्हणजे शिकारी कुत्रे. एक-दोघांनी ‘ससा’ व्हायचे, कागदाचे कपटे टाकत रानातून पुढे पळायचे आणि बाकीच्यांनी त्या कपट्यांचा माग काढत धावायचे, असा हा खेळ होता. वाट शोधण्यासाठी सर्वांना एकमेकांची मदत लागे, म्हणून गट विस्कळीत होत नसे. अशा मंडळांत जलद धावणाऱ्यांचा आणि सावकाश धावणाऱ्यांचा असे वेगवेगळे गट करण्याची पद्धतही रूढ झाली. सावकाश धावणाऱ्याला मंडळात स्थान असले पाहिजे, हा विचार त्या पद्धतीच्या मुळाशी होता.

पण हे स्थान दीर्घकाळ मर्यादितच राहिले. धावण्याची मंडळे मुख्यतः तरुण पुरुषांची आणि शर्यतीत उतरणाऱ्यांची होती. स्त्रियांना लांब पल्ल्याची धाव झेपणार नाही, असा समज तर फारच खोलवर रुजलेला होता. ऑलिंपिक स्पर्धांत स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम झाली ती १९८४ मध्ये, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉननंतर तब्बल ८८ वर्षांनी. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव. एवढे अंतर केवळ निवडक खेळाडूंसाठीच आहे, असे मानले जाई.

२९ मार्च १९८१ रोजी पहिली लंडन मॅरेथॉन झाली. त्या दिवशी पाऊस पडत होता. अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमनसन हे दोघे सर्वांत पुढे होते. शेवटच्या टप्प्यात एकमेकांना मागे टाकण्याऐवजी दोघांनी हातात हात घालून अंतिम रेषा ओलांडली आणि दोघेही विजेते ठरले. त्यांच्या मागून हजारो सर्वसामान्य माणसे धावत आली. अशा शर्यतींमुळे धावणे हे केवळ विजेत्यांसाठी नसते, ही जाणीव हळूहळू पसरत गेली.

पाठगत प्रश्न १
(अ) ‘हेअर अँड हाउंड्स’ या खेळात गट एकत्र का राही?
(आ) पहिल्या लंडन मॅरेथॉनमधील विजयाचे वेगळेपण कोणते?

२. दुःखातून उठलेले पाऊल

पंजाबातील जालंधर जिल्ह्यातील ब्यास पिंड हे फौजा सिंग यांचे गाव. त्यांच्या पारपत्रावर जन्मतारीख होती १ एप्रिल १९११. बालपणी त्यांचे पाय इतके अशक्त होते, की पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांना नीट चालता येत नव्हते. ते शाळेत शिकले नाहीत. लिहिता-वाचताही आले नाही. सारे आयुष्य शेतीत गेले. १९९२ मध्ये पत्नीचे निधन झाले. १९९४ मध्ये त्यांचा मुलगा कुलदीप अपघातात दगावला. ज्या वयात मुलांनी वडिलांना आधार द्यायचा, त्या वयात वडिलांवर मुलाला निरोप देण्याची वेळ आली. या आघाताने ते पार खचून गेले.

पुढे ते पूर्व लंडनमधील इलफर्ड भागात मुलाकडे राहू लागले. परका देश, परकी भाषा आणि मनात न मावणारे दुःख अशा अवस्थेत घराबाहेर पडण्याचे निमित्त म्हणून ते चालू लागले आणि चालता चालता धावू लागले. मॅरेथॉनविषयी ऐकल्यावर आपणही त्यात उतरावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्यांदा सरावाला आले तेव्हा त्यांच्या अंगावर कोट, जाकीट आणि विजार असा संपूर्ण सूट होता! मॅरेथॉनचे अंतर २६ किलोमीटर आहे, असा त्यांचा समज होता. ते २६ मैलांहून अधिक आहे, हे नंतर कळले.

या प्रसंगी हसून परत पाठवणारे कोणी भेटले असते, तर पुढची सारी कथाच घडली नसती. त्यांना भेटले ते हरमंदर सिंग हे प्रशिक्षक. त्यांनी या वृद्धाला शिकवायला घेतले. कोणते कपडे घालावेत, पाऊल कसे टाकावे, वेग कुठे आवरावा आणि विश्रांती केव्हा घ्यावी, हे सारे त्यांनी समजावले. वाचता न येणाऱ्या शिष्याला वेळापत्रकाचा कागद देऊन भागणार नव्हते. त्याच्याबरोबर धावूनच त्याला शिकवावे लागणार होते. ‘सिख्स इन द सिटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक धावपटूंच्या मंडळाशी फौजा सिंग यांचे नाते जुळले ते अखेरपर्यंत टिकले.

२००० साली वयाच्या ८९ व्या वर्षी फौजा सिंग यांनी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांना ६ तास ५४ मिनिटे लागली. ही धाव त्यांनी अकाली जन्मलेल्या बालकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत मिळावी म्हणून केली होती. सर्वांत वयोवृद्ध माणूस सर्वांत कोवळ्या जिवांसाठी धावत होता. तीन वर्षांनी, २००३ मध्ये, कॅनडातील टोरंटो येथे त्यांनी तेच अंतर सुमारे ५ तास ४० मिनिटांत कापले. वय वाढले आणि लागणारा वेळ मात्र तासाभराहून अधिक घटला. उतारवयातही शरीर शिकू शकते, याचा हा बोलका पुरावा होता.

१६ ऑक्टोबर २०११ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी टोरंटोत पुन्हा मॅरेथॉन पूर्ण केली. या वेळी आठ तासांहून अधिक वेळ लागला. जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेस पुस्तकाने मात्र या धावेची नोंद घेतली नाही, कारण त्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता. १९११ साली पंजाबच्या खेड्यात जन्मलेल्या शेतकऱ्याच्या मुलाकडे असा दाखला कोठून असणार? दाखल्याअभावी विक्रम हुकला; पण सोबतीने धावण्यातून त्यांना जे मिळाले होते, ते कोणत्याही दाखल्यावर अवलंबून नव्हते. दुःखाने घरात कोंडले गेलेले मन पुन्हा माणसांत आले, हीच त्यांची खरी कमाई होती.

२०१३ मध्ये हाँगकाँग येथे १० किलोमीटर धावून त्यांनी स्पर्धात्मक धावण्याचा निरोप घेतला. चालणे मात्र सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी त्यांच्या जन्मगावाजवळ एका वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ११४ वर्षांचे होते.

पाठगत प्रश्न २
(अ) फौजा सिंग यांना शिकवताना नुसते वेळापत्रक का पुरले नसते?
(आ) गिनेस पुस्तकात त्यांची नोंद का झाली नाही?

३. तेरा जणांची शनिवार सकाळ

लंडनच्या नैर्ऋत्येला बुशी पार्क हे विस्तीर्ण उद्यान आहे. २००४ साली तेथे एक छोटासा उपक्रम सुरू झाला. पॉल सिंटन-ह्यूइट हे हौशी धावपटू त्या काळात मोठ्या अडचणीत होते. दुखापतीमुळे त्यांचे धावणे बंद पडले होते आणि नोकरीही सुटली होती. धावणे थांबले, की धावणाऱ्या मित्रांच्या भेटीही थांबतात. मित्रांचा सहवास टिकावा म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. आपल्याला धावता येत नसले तरी मित्रांनी धावावे आणि आपण त्यांची वेळ मोजावी, असे त्यांनी ठरवले.

२ ऑक्टोबर २००४ रोजी, शनिवारी सकाळी, तेरा जण ५ किलोमीटर धावले आणि पाच जणांनी व्यवस्था पाहिली. प्रवेशशुल्क नव्हते, बक्षीस नव्हते. धावून येणाऱ्याच्या हाती क्रमांकाची खूण म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, आकडा कोरलेली लोखंडी चकती दिली जाई. धाव संपली की सर्वांनी मिळून कॉफी प्यायची आणि गप्पा मारायच्या, हाही कार्यक्रमाचाच भाग होता. पुढच्या शनिवारी लोक पुन्हा आले. त्यानंतरच्या शनिवारीही आले. २००७ मध्ये विंबल्डन येथे दुसरे केंद्र निघाले. पुढे ‘पार्करन’ या नावाने हा उपक्रम वीसहून अधिक देशांत पसरला. आजही त्यात धावण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत आणि प्रत्येक ठिकाणची व्यवस्था स्थानिक स्वयंसेवकच पाहतात.

या उपक्रमातील एक रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक धावेत एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे राहतो. त्याला ‘टेल वॉकर’, म्हणजे शेवटी चालणारा, असे म्हणतात. अगदी सावकाश चालत येणाऱ्याच्याही मागून तो येतो. त्यामुळे भाग घेणाऱ्यांपैकी कोणीच शेवटचा ठरत नाही. आपण सर्वांत मागे पडू आणि लोक हसतील, या भीतीने कितीतरी माणसे पहिले पाऊलच टाकत नाहीत. ही भीती उपदेशाने जात नाही. ती घालवण्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष मागे राहावे लागते.

या रीतीचे फळ आकड्यांतही दिसते. सुरुवातीच्या काळात येथे ५ किलोमीटर अंतर पूर्ण करण्यास सरासरीने सुमारे २२ मिनिटे लागत. पुढे ही सरासरी ३० मिनिटांच्याही पलीकडे गेली. वरवर पाहता ही अधोगती वाटेल. परंतु याचा अर्थ आधी धावणारे मंदावले असा नाही. पूर्वी जे घरीच बसत, ते आता मैदानात आले. शर्यतीच्या हिशेबाने जी घट दिसते, ती समाजाच्या हिशेबाने वाढ आहे.

पाठगत प्रश्न ३
(अ) ‘टेल वॉकर’चे काम कोणते?
(आ) सरासरी वेळ वाढली, हे यशाचे लक्षण कसे ठरते?

४. सोबतीने बळ का वाढते?

सोबत असली की वाट लवकर सरते, हा सर्वांचाच अनुभव आहे. शास्त्रज्ञांनीही त्याचा अभ्यास केला आहे. अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये सायकलपटूंच्या नोंदी तपासल्या. एकट्याने वेळेशी झुंजणाऱ्या सायकलपटूपेक्षा इतरांसोबत सायकल चालवणाऱ्याचा वेग अधिक असतो, असे त्यांना आढळले. इतरांच्या नुसत्या उपस्थितीनेही माणसाची शक्ती जागी होते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

त्यानंतर १९२० च्या दशकात जर्मनीतील ओटो कोहलर यांनी बर्लिनच्या नौकानयन मंडळातील सभासदांवर प्रयोग केले. त्यांनी सभासदांना एक जड दांडा, थकून हात टेकेपर्यंत, वर-खाली करण्यास सांगितले. आधी प्रत्येकाने एकट्याने हे काम केले. मग दोघांनी मिळून दुप्पट वजनाचा एकच दांडा उचलला. दोघांपैकी एकाने हात सोडला की दोघांचेही काम थांबे. अशा वेळी जोडीतील दुबळा माणूस एकट्याने जेवढा वेळ टिकला होता, त्याहून अधिक वेळ टिकला. आपल्यामुळे जोडीदाराचे काम थांबू नये, या जाणिवेने त्याला बळ दिले. मात्र दोघांच्या शक्तीत फार मोठे अंतर असले, तर हा परिणाम ओसरत असे. जोडीदार आपल्या आवाक्यापलीकडचा आहे असे वाटले, की उमेद खचते.

धावणाऱ्यांच्या मंडळात वेगानुसार गट का करतात, याचे उत्तर येथे मिळते. नवख्याला कसलेल्या धावपटूच्या जोडीला दिले, तर तो दमून निराश होतो. त्याच्याहून जरा पुढे असलेला सोबती दिला, तर तो हळूहळू वर चढतो. ‘आज पाऊस आहे, नको जायला’ असे मन म्हणत असताना कोपऱ्यावर कोणीतरी आपली वाट पाहत उभे आहे, एवढी आठवणही अंथरूण सोडायला पुरेशी असते.

५. मंडळाची शिस्त

चांगले मंडळ उत्साहाबरोबर संयमही शिकवते. सरावाला नियमितपणे येणाऱ्या नवख्याचा दम काही आठवड्यांतच सुधारू लागतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या मात्र सावकाश बळकट होतात. दम आला म्हणून एकदम अंतर वाढवले, तर पाय दुखावतात. म्हणून आरंभी थोडे धावावे, थोडे चालावे आणि मग पुन्हा धावावे, अशी रीत पाळतात. वेग योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. धावता धावता सोबत्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलताना धाप लागत असेल, तर वेग कमी करावा. ही कसोटी घेण्यासाठीसुद्धा सोबती लागतोच!

विश्रांतीचा दिवस हाही सरावाचाच एक भाग असतो. दीर्घकाळ व्यायाम न केलेल्याने किंवा हृदयविकार, मधुमेह यांसारखा आजार असलेल्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखू लागले किंवा भोवळ आली, तर तत्काळ थांबून मदत घ्यावी. अशा प्रसंगी शेजारी कोणी असणे किती मोलाचे ठरते, हे वेगळे सांगायला नको.

मंडळे बिघडतातही. केवळ जलद धावणाऱ्यांचेच कौतुक होऊ लागले, महागड्या बुटांवरून माणसांची किंमत ठरू लागली किंवा नवख्याची थट्टा होऊ लागली, की मंडळाचे रूपांतर टोळक्यात होते. वेग टिकतो, पण सोबत संपते.

पाठगत प्रश्न ४
(अ) कोहलर यांच्या प्रयोगात दुबळा माणूस अधिक वेळ का टिकला?
(आ) धावण्याचा वेग योग्य आहे, हे कसे ओळखावे?

६. वाढ कोणाची?

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. पंढरीच्या वारीत वारकरी दिंडीने चालतात. दिंडीत म्हातारे असतात, लेकुरवाळ्या असतात, अनवाणी चालणारे असतात. चालायचे ज्याचे त्यानेच. पण दिंडी त्याला एकटे पडू देत नाही. धावण्याच्या बाबतीतही महाराष्ट्रात मोठी परंपरा उभी राहिली आहे. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली आणि १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत पहिली मुंबई मॅरेथॉन झाली. बुशी पार्कमधले तेरा जण धावले तेही त्याच वर्षी. मोठ्या शर्यतींचा सोहळा एका दिवसाचा असतो. त्यासाठी महिनोन्‌महिने पहाटे उठून सराव करणारे छोटे छोटे गट मात्र वर्षभर राबत असतात. मरीन ड्राइव्हपासून तालुक्याच्या गावातील मैदानापर्यंत अशा गटांची नावे वेगवेगळी असतील. पण त्यांची खरी ओळख पुढे कोण आहे यावरून होत नाही, मागे राहिलेल्यासाठी कोण थांबते यावरून होते.

थांबणाऱ्याचे यात नुकसान होत नाही. सिंटन-ह्यूइट यांना धावता येत नव्हते, तेव्हा इतरांची वेळ मोजता मोजता त्यांचे स्वतःचे आयुष्य पुन्हा उभे राहिले. हरमंदर सिंग यांनी एका निरक्षर वृद्धासाठी वेळ दिला आणि त्यातून साऱ्या जगाला वार्धक्याकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली. मागून येणारा चिकाटी शिकतो, तर थांबणारा धीर धरायला शिकतो. एकाची वाढ दुसऱ्याच्या वाढीत मिसळलेली असते.

जी गोष्ट धावण्याची, तीच शिक्षणाची. कोणी वयाच्या पंधराव्या वर्षी परीक्षा देतो, कोणी संसार सांभाळून चाळिसाव्या वर्षी पुस्तक हाती घेतो. निघण्याची वेळ वेगळी असली, तरी वाट तीच असते. उशिरा निघालेल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. त्याच्या मागून कोणीतरी चालत आहे, एवढा विश्वास त्याला देणे हे भोवतालच्या समाजाचे काम आहे.

शब्दार्थ

फटफटणे – उजाडणे
कपटा – कागदाचा लहान तुकडा
पारपत्र – परदेशप्रवासाचा परवाना, पासपोर्ट
दगावणे – मरण पावणे
अकाली – योग्य वेळेपूर्वी
अधोगती – घसरण
नवखा – नव्याने आलेला, अननुभवी
कसलेला – सरावाने तयार झालेला
लेकुरवाळी – लहान मुले असलेली स्त्री
टोळके – स्वतःपुरते पाहणाऱ्यांचा गट

भाषाभ्यास

(अ) वाक्प्रचार व त्यांचे अर्थ
खचून जाणे – धीर सुटणे.
मनाने घेणे – एखादी गोष्ट करण्याची तीव्र इच्छा होणे.
हात टेकणे – हार मानणे, प्रयत्न सोडणे.
माग काढणे – खुणांवरून शोध घेणे.

(आ) पाठातील ‘लिहिता-वाचता’, ‘वर-खाली’, ‘एक-दोघे’, ‘आठ-दहा’ हे जोडशब्द पाहा. असे आणखी पाच जोडशब्द लिहा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

(इ) ‘वय वाढले आणि लागणारा वेळ मात्र तासाभराहून अधिक घटला.’ या वाक्यात ‘वाढले’ व ‘घटला’ हे विरुद्धार्थी शब्द शेजारी आल्यामुळे अर्थ ठसठशीत झाला आहे. पाठातून असे आणखी एक वाक्य शोधून लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• धावणे हा एकट्याचा व्यायाम असला, तरी मंडळांची परंपरा १८६८ पासूनची, किंबहुना त्याहूनही जुनी आहे.
• फौजा सिंग यांना मार्गदर्शक आणि मंडळ लाभल्यामुळे दुःखातून बाहेर येता आले.
• पार्करनच्या सरासरी वेळेत झालेली वाढ ही सहभागाच्या वाढीची खूण आहे.
• आपल्यामुळे सोबत्याचे काम थांबू नये, ही जाणीव माणसाला बळ देते. पण सोबती आवाक्यातला असावा लागतो.
• मंडळाची कसोटी मागे राहिलेल्यासाठी थांबण्यात आहे.

पाठान्त प्रश्न

१. ‘दाखल्याअभावी विक्रम हुकला, पण खरी कमाई हुकली नाही’ हे विधान फौजा सिंग यांच्या जीवनाच्या आधारे स्पष्ट करा.
२. वेगानुसार गट करण्यामागील कारण कोहलर यांच्या प्रयोगाच्या साहाय्याने सांगा.
३. ‘मंडळाचे रूपांतर टोळक्यात होते’ असे पाठात का म्हटले आहे?
४. दिंडी आणि धावणाऱ्यांचे मंडळ यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा. तुम्हांला जाणवणारा एक फरकही सांगा.
५. तुमच्या परिसरातील एखादे भजनी मंडळ, बचत गट, वाचनालय किंवा व्यायामशाळा यांची माहिती घ्या. तेथे नवख्या माणसाला कसे सामावून घेतात, यावर पंधरा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) कपट्यांवरून वाट शोधण्यासाठी एकमेकांची मदत लागे. (आ) दोन धावपटूंनी हातात हात घालून अंतिम रेषा ओलांडली व दोघेही विजेते ठरले.
२. (अ) त्यांना वाचता येत नव्हते. बरोबर धावूनच शिकवणे आवश्यक होते. (आ) त्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता.
३. (अ) सर्वांच्या मागे राहणे, म्हणजे कोणीही शेवटचा ठरत नाही. (आ) पूर्वी न येणारे सावकाश धावणारे व चालणारे लोक मोठ्या संख्येने सहभागी झाले.
४. (अ) आपल्यामुळे जोडीदाराचे काम थांबू नये, ही जाणीव त्याला होती. (आ) धावताना सोबत्याशी दोन वाक्ये सहज बोलता आली, तर वेग योग्य समजावा.